लायसन ऐकण्याचं आणि लायसन बोलण्याचं

२०२५ च्या चैत्री यात्रेला येरमाळ्यात होतो. येडेश्वरीची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. चैत्र पौर्णिमेला डोंगरावर दर्शनाची रांग, दुसऱ्या दिवशी पालखी खाली उतरते, चुन्याच्या रानात येते, आणि आलेला प्रत्येक माणूस खाली वाकून चुनखडीचे खडे वेचतो. मग पालखी आमराईत. माणूस लाखांनी मोजायचा. अशा गर्दीत मोबाईलचं काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. काड्या सगळ्या दिसतात, फोन मात्र लागत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी आमची आत्या या गर्दीत चुकली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, कानाने कमी, पायात चप्पल नाही. चार तास आम्ही तिला शोधत होतो. सापडली ती एका रसवंतीच्या सावलीला बसलेली, आमच्यापेक्षा शांत. पण ते चार तास घरात कोणी विसरलं नव्हतं. म्हणून यंदा पुतण्याने इंटरनेटवरून वॉकीटॉकीची एक जोडी मागवली. एक आत्याबरोबर चालणाऱ्या पोराकडे, एक त्याच्याकडे. 'बटण दाबा आणि बोला. रिचार्ज नको, टॉवर नको.' मलाही कौतुक वाटलं.

बंदोबस्तातल्या एका पोलीसदादांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. "ह्याचं लायसन आहे का?" आवाजात दरारा नव्हता. खरंच विचारत होते. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, याला लायसन लागतं का हो? किती फी असते?"

आता घरात रेडिओचं वेड असलेला माणूस म्हणून मीच ओळखला जातो. मला चटकन उत्तर देता यायला हवं होतं. आलं नाही. सेट पिशवीत गेले, आम्ही आत्याचा हात धरून चालत राहिलो. पण तो प्रश्न काही पिशवीत गेला नाही. त्याचं उत्तर शोधताना मी जवळजवळ शंभर वर्षं मागे जाऊन आलो, तेच आज सांगतो.

सुरुवात आमच्या वडिलांच्या ट्रंकेतून करायला हवी. त्यात जमिनीच्या कागदांखाली एक छोटं पुस्तक आहे, रेडिओच्या लायसनचं. आज कॉलेजातल्या मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण घरात रेडिओ ठेवायला आपल्याकडे लायसन लागायचं. दर वर्षी पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे, पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. वडील ते पुस्तक रेशनकार्डाइतकं जपायचे. रेडिओ बंद पडला तरी चालेल, लायसन चुकता कामा नये. पुढे टीव्ही आला तेव्हा त्याचं लायसन पन्नास रुपये.

ही फी आली कुठून? २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी खाजगी, आणि तिची मदार लायसनच्या पैशावर. फी वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीला मिळायचे. हिशोब कागदावर चांगला होता. पण तीन वर्षांत साऱ्या हिंदुस्थानात लायसनं आठ हजारांच्याही आतच राहिली आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. लोक रेडिओ ऐकत नव्हते असं नाही. ऐकणारे बरेच लायसन काढत नव्हते.

आणि त्यांना पकडणं अवघड होतं. तेव्हा हाताशी होता १८८५ चा तार कायदा. तार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा, इतरांनी परवाना घ्यावा, असं तो म्हणत होता. म्हणजे एखादा माणूस यंत्र 'चालवतो' हे दाखवायला लागायचं. संध्याकाळी दार लावून, आवाज बारीक करून रेडिओ ऐकणाऱ्यावर हे सिद्ध कसं करणार?

यावर उपाय म्हणून १९३३ चा बिनतारी तार कायदा आला. १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. त्याने शब्द बदलला. 'चालवणं' नव्हे, 'बाळगणं'. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळ असणं हाच गुन्हा. ते तुमच्या ताब्यातल्या जागेत सापडलं तर तुमचंच आहे असं कोर्टाला धरून चालता येईल, हेही त्यात लिहिलं होतं. दंड मात्र माफक. पहिल्यांदा शंभर रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर अडीचशेपर्यंत. फी बुडवणाऱ्याला लावायचा दंड जसा असावा तसाच.

इथे जरा थांबू. माझा सगळा मुद्दा या एका शब्दात आहे. 'बाळगणं' हा गुन्हा झाला त्यामागे मुख्य काम होतं दहा रुपयांची वसुली. कोणी हेर होता म्हणून नाही, कोणी बंडखोर होता म्हणून नाही. लोक फी बुडवत होते म्हणून.

(हे सगळं ब्रिटिश हिंदुस्थानातलं. येरमाळा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आमच्याकडे हा कायदा संस्थान विलीन झाल्यानंतरच आला. पण आला तो तसाच्या तसा आला.)

आता ऐकणाऱ्यांकडून बोलणाऱ्यांकडे वळू. बिनतारी यंत्रावर स्वतः बोलण्याची हौस असलेली माणसं आपल्याकडे १९२० च्या दशकापासून आहेत. त्यांना हॅम म्हणतात. धंदा नाही, पगार नाही, नुसती हौस. परवाना घेऊन, स्वतःचं सांकेतिक नाव लावून, जगात कुठेतरी बसलेल्या आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याशी बोलायचं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने या सगळ्यांचे परवाने बंद केले, यंत्रं जमा करायला लावली. फी भरली होती की नव्हती हा प्रश्नच उरला नाही.

सरकारला कशाची भीती होती ते तीन वर्षांत दिसलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. यंत्र उभं केलं ते नरिमन प्रिंटर यांनी, आणि ते युद्धापूर्वीचे परवानाधारक हौशी रेडिओवालेच. जागा बदलत बदलत हा रेडिओ १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. त्या रात्री धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. ते प्रक्षेपण होतं, दुतर्फा बोलणं नव्हतं, हे खरं. पण सरकारी नजरेला त्यात फरक नव्हता. ज्याच्याकडे बोलणारं यंत्र आहे तो माणूस धोक्याचा.

मग स्वातंत्र्य आलं. वाटेल की आता ही भीती गेली असेल. पण १९४९ मध्ये आपल्याच सरकारने १९३३ च्या कायद्यात एक पोटकलम घातलं. नुसतं ऐकणारं यंत्र असेल तर दंड पूर्वीचाच, शंभर आणि अडीचशे. बोलणारं यंत्र, म्हणजे ट्रान्समीटर असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

एकाच कलमात, एकाखाली एक. ऐकाल तर शंभर रुपये, बोलाल तर तीन वर्षं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांचं ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कोणी म्हणेल, त्यात काय चुकलं? नवा देश, फाळणी नुकतीच झालेली, आमच्याच भागात पोलीस कारवाई होऊन वर्ष झालेलं. भीतीला कारणं होती, मान्य. मला खटकतं ते एवढंच की पाया मात्र तोच राहिला, फी वसुलीचा. रेडिओ बाळगणाऱ्याला धरण्यासाठी केलेल्या जाळ्यात त्यांनी बोलणाऱ्याला धरायला सुरुवात केली. आणि पुढे तर गंमतच झाली. १९८० च्या सुमाराला एक-दोन बँडच्या रेडिओंचं लायसन गेलं, आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्याच रेडिओ-टीव्हींचं गेलं. वडिलांचं पुस्तक ट्रंकेत गेलं ते तेव्हाच. ज्या फीसाठी कायदा केला ती फी संपली. कायदा राहिला, बोलणाऱ्यांसाठी.

याच काळात बाहेर काय चाललं होतं तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत १९५८ पासून सामान्य माणसाला २७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायला जागा दिलेली होती. सिटिझन्स बँड, सीबी. १९७० पासून त्याची फी होती पाच वर्षांना वीस डॉलर. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकवाल्यांनी सीबी उचलून धरला. पुढे डिझेल कुठे आहे, पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना सांगायला. (आमच्या येरमाळ्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे रस्त्यावरचे ट्रकवाले हेच काम समोरून येणाऱ्याला दिवे दाखवून करतात. लायसन लागत नाही.) त्यानंतर घराघरात सीबी गेला आणि लोकांनी लायसन काढायचंच सोडलं. म्हणजे आपल्याकडे १९२७ ला जे झालं तेच. पण सरकारने केलं उलटं. १९७५ मध्ये फी चार डॉलरवर आणली, १ जानेवारी १९७७ ला काढूनच टाकली, आणि १९८३ मध्ये लायसनही रद्द केलं. इंग्लंडमध्ये २ नोव्हेंबर १९८१ ला सीबी कायदेशीर झाला, फी दहा पौंड, मिळायचं आपल्या रेडिओच्या लायसनसारखं पोस्टात. २००६ मध्ये तेही संपलं. अमेरिकेत जरा जास्त ताकदीच्या कौटुंबिक रेडिओला आजही लायसन आहे. २०२२ मध्ये त्याची फी सत्तर डॉलरवरून पस्तीस झाली. दहा वर्षांसाठी, आणि एका माणसाने काढलं की जवळच्या नात्यातलं सगळं घर त्यावर बोलू शकतं. आमच्या आत्याला हे ऐकून बरं वाटलं असतं.

तिकडे वाद झाला तो फीचा. वीस डॉलर जास्त की कमी. आपल्याकडे फीचा वाद कधी मोठा झालाच नाही, कारण आपल्याकडे पैसा हा अडसर नव्हता.

हे मी अनुभवाने सांगतो. कॉलेजात असताना मला हॅम व्हायचं होतं. १९७८ च्या नियमांप्रमाणे परीक्षा होती, मोर्स होतं. वरच्या श्रेणीला मिनिटाला बारा शब्द, त्याखाली पाच. मी घरात ताटावर चमच्याने कट्ट-कड करत बसायचो आणि आई ओरडायची. परीक्षेचं भय नव्हतं. पण त्यानंतर चौकशी, मग अर्ज दिल्लीला, मग वाट पाहणं. ओळखीतल्या एकांनी शांतपणे सांगितलं, "फी काय, चहापाण्याइतकी असते. खरी फी म्हणजे वाट बघणं." मी काही शेवटपर्यंत वाट पाहिली नाही. नोकरी लागली, राहून गेलं. दोष कोणाला देत नाही, माझ्यातच चिकाटी कमी पडली. नंतर, २०१० च्या सुमाराला नियम सोपे झाले, श्रेणी दोनच उरल्या, फी वीस वर्षांना हजार रुपये, आजन्म हवं तर दोन हजार. म्हणजे वर्षाला पन्नास रुपये, एके काळच्या टीव्हीच्या लायसनएवढे. या पैशासाठी कोणी मागे हटत नाही.

मग या वाट पाहण्याची किंमत कोण मोजतं? आमच्या जिल्ह्याने ती एकदा मोजलेली आहे, म्हणून मला हा विषय नुसता हौसेचा वाटत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. येरमाळ्यापासून किल्लारी शंभर किलोमीटरच्या आसपास असेल. आमच्याकडे भांडी पडली, कुत्री भुंकत सुटली, सगळी आळी अंगणात. वडिलांनी बॅटरीवरचा रेडिओ बाहेर आणून ओट्यावर ठेवला आणि आम्ही सगळे त्याभोवती बसलो. काय झालंय ते आम्हाला त्या रेडिओने सांगितलं, उजाडल्यानंतर, तुकड्यातुकड्याने. किल्लारी, सास्तूर, आणि मग एकेक नाव. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं जमीनदोस्त झाली होती. मेलेल्या माणसांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात.

त्या सकाळी आमच्या जिल्ह्यात ऐकणारे रेडिओ हजारो असतील. बोलणारा रेडिओ सामान्य माणसाच्या हातात एकही माझ्या माहितीत नव्हता. मोबाईल देशात यायलाच अजून दोन वर्षं होती. ज्या गावाचं घर न् घर खाली आलं त्या गावाला 'आम्ही गेलो, या' एवढं सांगायला माणूस पळवावा लागला.

पुढच्या दिवसांत हॅम मंडळी या भागात आली, यंत्रं लावली, निरोप इकडून तिकडे पोचवायला लागली. २००१ ला भूजमध्ये त्यांनी हेच केलं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या हॅम बाई आपल्या चमूबरोबर योगायोगाने अंदमानातच होत्या. बाकी संपर्क तुटलेला असताना बेटांवरचे निरोप त्यांच्या यंत्रावरून मुख्य भूमीवर येत होते. प्रत्येक वेळी कौतुक झालं, आणि योग्यच झालं. पण मला राहून राहून वाटतं, ती मंडळी बाहेरून यावी का लागली? सास्तूरचा एखादा मास्तर, येरमाळ्याचा एखादा रेडिओ दुरुस्त करणारा, कळंबचा एखादा कंपाउंडर, यातला एक जण तरी ते यंत्र घेऊन बसलेला का नसावा? फी परवडत नव्हती म्हणून नव्हे. 'बोलणारं यंत्र' हे आपलं नव्हे, ते पोलिसांचं आणि लष्कराचं, हे इतक्या वर्षांत आमच्या अंगात मुरलेलं होतं म्हणून.

असो. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच.

उत्तर असं आहे. १९३३ च्या कायद्यातच सरकारला सूट देण्याचा अधिकार होता. तो वापरून २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झजवळचा पट्टा पाच वॉटपर्यंतच्या छोट्या यंत्रांसाठी लायसनमुक्त झाला. २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी एक चिंचोळी पट्टी कमी ताकदीच्या यंत्रांना मोकळी झाली. २०२३ मध्ये जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घ्यायला नवा दूरसंचार कायदा आला. म्हणजे काही वॉकीटॉकींना लायसन लागत नाही, फी शून्य. बाकीच्यांना लागतं. आणि फरक यंत्राकडे पाहून कळत नाही. यात्रेनंतर महिन्याभरात, २०२५ च्या मे महिन्यात, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इंटरनेटवर वॉकीटॉकी विकणाऱ्यांना तेरा नोटिसा काढल्या. कुठल्या पट्ट्यावर चालतं, लायसन लागतं की नाही, हे गिऱ्हाइकाला न सांगताच विकतात म्हणून. ते वाचलं आणि मी पुतण्याकडून खोकं मागवून घेतलं. खोक्यावर '४०० ते ४७०' लिहिलेलं. म्हणजे त्या चिंचोळ्या पट्टीच्या कितीतरी बाहेर, पोलीस आणि इतर सेवा जिथे बोलतात तिथेही ते यंत्र घुसू शकतं. पोलीसदादांचा प्रश्न बरोबर होता. हेही लिहायला हवं, कारण इतका वेळ मी सरकारच्या संशयाविषयी बोलतो आहे. हवेतला पट्टा सगळ्यांचा असतो, आणि यात्रेच्या बंदोबस्तात कोणाच्या तरी हातातलं खेळणं पोलिसांच्या बोलण्यात आडवं आलं तर चुकलेली आत्या आणखीच उशिरा सापडेल. नियम हवाच.

मला नको आहे तो संशय. नियम म्हणजे 'या पट्टीत बोला, एवढ्याच ताकदीने बोला, एकमेकांना वाट द्या.' संशय म्हणजे 'तुला बोलायचंच कशाला?' नियम शिकवता येतो, शाळेतसुद्धा. संशयाची फी मात्र भरून संपत नाही. ती १९३९ ला हॅमनी भरली आणि १९९३ ला किल्लारीने.

पुतण्याने ती जोडी परत पाठवली आणि ४४६ वाली आणली. तिची ताकद कमी आहे. आमच्या घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतही धड पोचत नाही. पण चुन्याच्या रानात, गर्दीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत्याचा आवाज येईल इतकी आहे. आत्याला बटण दाबायला शिकवलं. दाबून ती काही बोलली नाही, नुसतीच यंत्राकडे पाहत बसली. मग मला म्हणाली, "बोलू का? चालतंय ना रे?"

चालतंय आत्या. बोल.